हप्ता महिन्याला की वर्षाला?

प्रश्न : मी निफाडचा द्राक्ष बागायतदार, वय ३४. साठीपर्यंतच्या टर्म विम्याचा हप्ता महिन्याला भरू, वर्षाला, की दहा वर्षांतच सगळे भरून मोकळा होऊ?

उत्तर : वार्षिक हप्ताच घ्या. तुमचा पैसा माल गेल्यावर एकदम येतो. मासिक हप्त्यांची वर्षाची बेरीज सहसा जास्त भरते, शिवाय मुदत उलटल्यावर सवलत १५ दिवसांचीच. वार्षिकला ३० दिवस मिळतात. तीही चुकली की टर्म पॉलिसी बंद पडते, आणि मग काही बरंवाईट झालं तर घरच्यांच्या हाती छदामही येत नाही. मला काळजी याचीच वाटते. हप्त्याची तारीख पॉलिसी सुरू झालेल्या दिवसावरून ठरते. म्हणून ती एप्रिलमध्ये, व्यापाऱ्याचे पैसे खात्यात असताना सुरू करा. दहा वर्षांत संपणारा हप्ता बराच मोठा असतो. गारपिटीच्या वर्षी झेपणार नाही.