उन्हाच्या वेळा

चि. बाळास,


परवा फोनवर तू तुमच्या सहलीची यादी वाचून दाखवलीस. थिबा पॅलेस, रत्नदुर्ग, भाट्ये, टिळकांचं घर, पतितपावन, गणपतीपुळे, पावस आणि शेवटी ‘एखादं कातळशिल्प’. दीड दिवसात सगळं. प्रत्येक नावापुढे किती वेळ द्यायचा तेही लिहिलं होतंस. ठिकाणं चांगलीच निवडली आहेस, पण कुठल्या उन्हात कुठे जायचं याचा विचार यादीत कुठेच नव्हता, आणि रत्नागिरी पाहायची तर तोच आधी करावा लागतो. फोनवर हे सांगितलं असतं तर ‘हो आत्या’ म्हणून विसरला असतास, म्हणून लिहिते आहे.

पुण्याहून गाडीने येणार ना? मग रात्रीचे निघू नका. कोल्हापूरच्या अंगाने आंबा घाटात याल तेव्हा लख्ख उजेड असू दे. घाटमाथ्यावरची दाट झाडी, मग वळणं, मग साखरपा, नाणीज, पाली असा उतरत जाणारा प्रदेश, आणि हातखंबा सोडलं की एकाएकी झाडं मागे सरतात आणि दोन्ही अंगांना उघडा, काळपट, सपाट कातळ पसरतो. तो आमचा सडा. बहुतेकांना तिथे पाहण्यासारखं काही दिसत नाही. ते गाडीच्या काचा वर करतात आणि समुद्र किती लांब आहे ते विचारतात. तुम्ही तिथे पाच मिनिटं थांबा. खाली उतरा, दगडावर हात ठेवा. हा जांभा. खाणीतून चिरा काढताना तो मऊ असतो, पुढे वाऱ्याउन्हात कठीण होत जातो. इथली घरं, गडगे, विहिरी, पाखाड्या सगळं त्याचंच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस याच सड्यावर कोसळतो. पावसाळ्यात इथे पाय ठेवायला जागा नसते इतकी फुलं येतात, सीतेची आसवं, गेंद, आणि पहिल्या पावसाबरोबर पांढरी दीपकाडी. डिसेंबरात त्यातलं काही नसेल. तरी हाच दगड आधी ओळखून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

दुपारी शहरात पोचाल. डिसेंबरातही दुपारी पारा तिशीच्या वर असतो, आणि सुट्टीला आलेली मंडळी नेमकी त्याच वेळी किल्ला चढतात. तसं करू नका. दुपार टिळकांच्या घरासाठी ठेवा. 23 जुलै 1856 ला लोकमान्य जन्मले ते इथे, आणि दहाव्या वर्षापर्यंत रत्नागिरीतच वाढले. पाटी वाचा, पण त्याआधी पडवीत थोडा वेळ नुसते बसा. उतरतं कौलारू छप्पर आणि आतला गारवा अंगाला लागू द्या. बाहेरच्या रखरखीतून आत आल्याखेरीज त्या घराची बांधणी अशी का आहे हे कळत नाही. तिथून पतितपावन मंदिरात जा. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना, 1931 साली, भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून ते उभं राहिलं, सर्व जातींना मोकळं. त्याआधी या गावात देवळाच्या पायरीशी किती माणसांना थांबावं लागत होतं, ते मित्रांना तू सांग. मंदिर छोटं आहे, घाईने नमस्कार करून निघू नका.

संध्याकाळी साडेचारनंतर थिबा राजाचा वाडा. इथे मला जरा जास्त लिहायचं आहे.

1885 च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला, राणी आणि मुलींसह, आधी मद्रासला आणि 1886 मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. हा वाडा पुढे बऱ्याच वर्षांनी, 1910 च्या सुमारास झाला. राजा त्यात जेमतेम सहा वर्षं राहिला आणि 1916 च्या डिसेंबरात गेला. म्हणजे तीस वर्षं तो याच गावात होता. आता वाड्याच्या वरच्या मजल्यावर जाऊन खाडीकडे पाहा. काजळी नदी समुद्राला मिळते ते भाट्याचं मुख, पलीकडे उतरणारा सूर्य. सगळे या देखाव्याचं कौतुक करतात, मीही केलं आहे. वर्गात ब्रह्मदेश शिकवताना एकदा मुलांनी नकाशावर रत्नागिरी शोधली आणि एका मुलीने विचारलं, ‘बाई, मग त्याचा देश त्याच्या पाठीमागे होता ना?’ खरंच. देश पूर्वेला, सह्याद्रीच्या पलीकडे, आणि इंग्रजांनी त्याला घर दिलं ते पश्चिमेच्या पाण्याकडे तोंड केलेलं. त्या दिवसानंतर मला तिथला सूर्यास्त पूर्वीसारखा पाहता आला नाही. तुम्हालाही तो तसाच दिसावा असं वाटतं. थोरली राजकन्या पुढे ब्रह्मदेशातून परत इथेच आली आणि इथेच राहिली. 2012 साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन राजाच्या समाधीला वंदन करायला आले होते. समाधी गावातच आहे. वाड्यात फोटो काढणारे पुष्कळ भेटतात, समाधीकडे फार थोडे जातात. तुम्ही जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नदुर्ग, ऊन चढण्याआधी. घोड्याच्या नालासारखा आकार, तीन अंगांना समुद्र, आत भगवतीचं देऊळ. सकाळी सूर्य पाठीशी असतो, म्हणून पाण्याचा खरा रंग दिसतो. दुपारनंतर समोरून नुसता चकाकता पत्रा. एका अंगाला ‘पांढरा समुद्र’ म्हणतात तो किनारा, दुसऱ्या अंगाला मांडवीच्या किनाऱ्याची काळी वाळू. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातले जड कण नद्यांनी वाहून आणले आणि लाटांनी निवडून किनाऱ्यावर ठेवले, त्याने ती वाळू काळी. मी मुलांना घेऊन जाई तेव्हा पर्समध्ये लोहचुंबक असे. वाळूवरून फिरवलं की काळे कण मिशीसारखे उभे राहत. तूही एक लोहचुंबक घेऊन ये.

खाली मिरकरवाड्याचं बंदर आहे. लिलाव पाहायचा तर बाजूला उभं राहून पाहा. पाट्या डोक्यावर घेऊन धावणाऱ्या बायकांच्या वाटेत येऊ नका आणि विचारल्याशिवाय त्यांचे फोटो काढू नका. त्यांच्या कष्टाची ती वेळ आहे.

पोहण्याबद्दल कडक शब्दांत सांगते. भरती-ओहोटी विचारल्याशिवाय भाट्याच्या पाण्यात कुणी उतरायचं नाही, आणि खाडीच्या मुखाशी तर मुळीच नाही. तिथे ओहोटीचं पाणी माणसाला ओढून नेतं. तुझ्या आजोबांनी मला शिकवलेला हिशेब तुला देते. तिथीची पाऊणपट केली की अदमासे भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अर्ध्यापाऊण तासाचा फरक धरायचा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. मोबाइलवर सगळं मिळतं हे मला ठाऊक आहे, पण तिथी मोजता येते त्याचं लक्ष आपोआप चंद्राकडे जातं.

आता कातळशिल्पं. यादीत तू त्यांना शेवटी टाकलं आहेस, दुपारी एक ते दोन. ते पहिलं खोड.

माझं स्वतःचं सांगते. मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. इथल्या एका सड्यावर दरवर्षी शाळेची सहल नेत असे. जांभा दाखवायचा, कडेवरून खाडी दाखवायची, मग मुलं गोलात बसून डबे खायची. निवृत्तीनंतर एका फेब्रुवारीत, सूर्य बुडायला अर्धा तास असताना, चित्रं शोधत सडे पालथे घालणाऱ्या मंडळींबरोबर मी त्याच सड्यावर गेले. तिरप्या उन्हात दगडातली एक रेघ सावलीने भरली. मग तिच्या शेजारची. बघता बघता पाठ, पोट, पाय, सोंड. आम्ही ज्याच्यावर डबे सोडत होतो तो हत्ती होता. माझ्या शेकडो मुलांना मी त्याच्यावर बसवलं आणि एकालाही तो दाखवू शकले नाही, याचं दुःख अजून आहे. रेषा जेमतेम बोटभर खोल. भर दुपारी त्यांत सावलीच पडत नाही, म्हणून दिसत नाहीत. खालच्या वाडीतल्या गुराख्यांना मात्र ती चित्रं पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. पांडवांनी काढली म्हणायचे. मी कधी विचारलंच नव्हतं.

सुधीर रिसबूड आणि त्यांच्या निसर्गयात्री संस्थेच्या सोबत्यांनी गावोगाव असंच विचारत फिरून ही चित्रं नोंदवली. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. अभ्यासक ती मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. काही ठिकाणी गेंडा कोरलेला आहे, जो आज कोकणात कुणी पाहिलेला नाही. तेव्हाच्या माणसाने पाहिला असेल तर हा प्रदेश तेव्हा कसा असेल, किती पाणी, किती गवत, याचा विचार तिथे उभं राहून कर.

म्हणून गणपतीपुळे या खेपेला सोड, पुन्हा येशील तेव्हा जाऊ. तिसऱ्या दिवसाची पहाट कशेळीला दे. रजा अर्धा दिवस वाढव. भाट्याचा पूल, पावस, मग पूर्णगडाशी मुचकुंदीची खाडी. वाटेत कलमांच्या बागा. थंडी पडली असेल तर मोहोराचा वास गाडीतही येईल. राखणदाराला विचारल्याशिवाय बागेत शिरायचं नाही. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती जवळपास अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगात इतर कितीतरी प्राणी कोरले आहेत. सूर्य वर आल्यावर पहिला तासभर तिथे काढा. जागेजवळ आलात की चपला-बूट काढा. रेषा नीट दिसाव्यात म्हणून काही लोक त्यांत खडू नाहीतर चुना भरतात, तसं कुणाला करू देऊ नकोस. मित्रालाही नाही. जमीन कुणाच्या तरी मालकीची असते, वाडीत आधी विचारून मगच वर चढायचं. याच गावात कनकादित्याचं देऊळ आहे. शिलाहार भोजाचा ताम्रपट असलेलं हे जुनं सूर्यमंदिर आहे. रथसप्तमीला तिथे मोठा उत्सव असतो. ऊन चढलं की सड्यावरून थेट तिथल्या सावलीत जाऊन बसा.

त्या दिवशी मी तुमच्याबरोबर येणार आहे. गुडघे दुखतात, पण सडा सपाट असतो. पहाटे पाचला उठवीन. सूर्य सातच्या सुमारास डोंगरावर येतो, त्याआधी आपण सड्यावर असायला हवं. घावन आणि खोबऱ्याची चटणी डब्यात असेल. डबा मात्र खाली वाडीतल्या खळ्यात सोडायचा, वर नाही. मित्रांना टोप्या आणायला सांग आणि बाबाला म्हणावं, माळ्यावरची माझी जुनी दुर्बीण तुझ्याबरोबर पाठव.

तुझी,
आत्या