फादरांनी फोनवर काय टाकावं?

मनोरीतली बरीच तरुण मंडळी सकाळची फेरीबोट धरून मार्व्याला उतरतात आणि मालाडहून लोकलने कामावर जातात. रविवारच्या मिस्साला ती येतीलच असं नाही, पण फोनवर भेटतात. तिथं प्रवचन टाकलं की बोट पुढे सरकतं. आपल्या फादरांनी कालवण कसं केलं, हे मात्र सगळे वाचतात. या वाचनातूनच दुरावलेला माणूस पुन्हा बोलू लागतो, म्हणून हे काम नीट व्हावं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात परवानगीने करावी. वरिष्ठांना आधी सांगा, महाधर्मप्रांताचे नियम विचारून घ्या. मग खाती दोन ठेवा. धर्मग्रामाच्या खात्यावर मिस्साच्या वेळा, सणांच्या सूचना आणि मयताच्या बातम्या. त्याचा पासवर्ड गावातल्या दोन जबाबदार माणसांकडेही असू द्या, कारण फादरांची बदली होते आणि गाव तिथंच राहतं. दुसरं खातं तुमच्या नावाचं, तुमच्या जगण्याचं.

आता विषय. स्वतःच्या आयुष्यातले तीन-चार धागे निवडा आणि तेवढेच धरून ठेवा: स्वयंपाक, बाग, वाचन, आईची तब्येत, फुटबॉल. मनोरीत सामग्रीला तोटा नाही. बांबूंवर वाळणारे बोंबील, जून-जुलैत मासेमारी बंद असताना किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याच्या सणाला येणारी नव्या भाताची कणसं. पण नुसतं दृश्य टाकू नका, त्यात तुम्ही असायला हवं. ‘बाटली मसाला जरा जास्त पडला, तरी दोनदा वाढून घेतलं’ असं एक वाक्य लिहिलंत, की वाचणाऱ्याला घरातलं कुणीतरी बोलल्यासारखं वाटतं. थकवा आला, प्रार्थनेत मन लागलं नाही, तर तेही लिहा. असं लिहिणाऱ्याकडे माणूस स्वतःचं दुःख घेऊन येतो.

लिहा मराठीत, शक्यतो गावच्या बोलीत, चार ओळींच्या आत. शेवटी ‘रविवारी अवश्य या’ जोडू नका. वर्गणीचं आवाहन तर इथं नकोच, त्याला धर्मग्रामाचं खातं आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2010चा जागतिक संपर्कदिनाचा संदेश डिजिटल जगातल्या धर्मगुरूंनाच उद्देशून लिहिला होता, म्हणजे फोन हातात घ्यायला संकोच नको. आणि वळण गिरवायचं तर वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं गिरवा. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते अनेक वर्षं संपादक होते, वसईच्या हिरवाईसाठी लढले, आणि 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांना सर्व धर्मांचे मराठी वाचक लाभले, कारण धर्मगुरूपण न लपवता ते सगळ्यांच्या प्रश्नांवर साध्या मराठीत बोलले.

आता सर्वांत जपायची पायरी. स्वतःचं आयुष्य दाखवा, दुसऱ्याचं नाही. प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेलं तर सोडाच, ‘आज एका आईने मला सांगितलं’ असं नाव न घेताही लिहू नका. छोट्या गावात ती आई कोण, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. आजाऱ्याच्या घरी ख्रिस्तप्रसाद नेताना, मयताच्या घरी आणि कुणाला मदत देताना कॅमेरा खिशात. मुलांचे फोटो आईवडिलांच्या लेखी परवानगीशिवाय नाहीत. प्रवासात असाल तर जागा परतल्यावर सांगा.

उत्तरं देण्याची वेळ ठरवा, रात्री दहानंतर नाही. अल्पवयीन मुलांशी खाजगी चॅट कधीच नाही. त्यांना पालकांसह धर्मग्रामाच्या कार्यालयात बोलवा. याला एकही अपवाद करू नये. धर्मावर वाद घालायला कुणी आलं तर एकदा नम्रपणे उत्तर द्या आणि थांबा. शेजारचा हिंदू कोळी तुमच्या कालवणावर हसून काही लिहितो, त्याचा अर्थ तेवढाच घ्या. त्याला बोलावणं करायचं नाही, त्याच्याशी शेजारधर्म पाळायचा. जीव द्यायची भाषा कुणी केली, तर टाइप करत बसू नका. फोन लावा, घरच्यांना कळवा, मानसिक आधारासाठीच्या टेलिमानस हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक द्या. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

लाइक मोजू नका. धक्क्यावर कुणी थांबून ‘फादर, आई बरी का?’ विचारलं, तर काम होतंय.

उपवासकाळात खातं थोडं शांत ठेवा, उत्तम शुक्रवारी पूर्ण बंद. आणि मनोरीत नव्याने येणाऱ्या फादरांना एक विनंती: पहिला महिना काहीच टाकू नका. आधी घरोघर जा, म्हाताऱ्यांजवळ बसा, नावं पाठ करा. फोन त्यानंतर काढा.