‘ऐकणे’ या शब्दाचे दोन अर्थ

मराठीत ‘ऐकणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ होतात. एक, कानावर पडलेले समजून घेणे. आणि दुसरा, सांगितले तसे वागणे. ‘अमक्यांची मुलगी ऐकते हो’ असे शेजारीण म्हणते तेव्हा ती त्या मुलीच्या कानांची तारीफ करीत नसते. ‘पोरगं अजिबात ऐकत नाही’ या तक्रारीवर कोणी कानाच्या डॉक्टरांचा पत्ता देत नाही. हे दोन अर्थ आपल्या घरांतून इतके एकजीव झाले आहेत, की ऐकून घेतले म्हणजे मान्य केले असे वडील धरून चालतात. आणि मान्य करायचे नसेल तर ऐकायलाच नको, असे मुले धरून चालतात. या दोन अर्थांची फारकत करणाऱ्या एका पद्धतीची ओळख प्रस्तुत लेखात करून द्यावयाची आहे. तिचे नाव ‘अहिंसक संवाद’. मानसशास्त्राच्या तासाला कार्ल रॉजर्स शिकत असताना तिचा उल्लेख निघाला. पुस्तक हाती आले तेव्हा ते मी आधी परीक्षेसाठी वाचले आणि मग घरासाठी.

ही पद्धत मांडणारा मार्शल रोझेनबर्ग हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. जन्म १९३४, मृत्यू २०१५. त्याचे बालपण डेट्रॉइट शहरात गेले. १९४३ च्या जून महिन्यात त्या शहरात गोऱ्या-काळ्यांची दंगल होऊन ३४ माणसे मेली, तेव्हा तो आठ वर्षांचा होता. पुढे १९६१ साली त्याने विस्कॉन्सिन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविली. रॉजर्सचा प्रभाव त्याच्यावर तेथलाच. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा एकत्र करण्याचे काम चालू होते, त्यात तो मध्यस्थी करी व बोलण्या-ऐकण्याचे शिक्षण देई. ‘अहिंसक’ हा शब्द त्याने गांधीजींच्या अर्थाने घेतला, हे तो स्वतःच सांगतो. हात न उगारणे एवढाच त्याचा अर्थ नव्हे; मनातला आकस गेला की मागे उरते ती अहिंसा.

त्याच्या पद्धतीचे चार टप्पे आहेत: निरीक्षण, भावना, गरज आणि विनंती. पहिल्या दोहोंवर फार वेळ घालवीत नाही. ‘तू नेहमी उशिरा येतेस’ हा शेरा झाला. ‘या आठवड्यात तीन दिवस तू सातनंतर आलीस’ हे निरीक्षण झाले. भावनेच्या बाबतीत मात्र मराठी माणसाला थोडी सवलत आहे, असे मला वाटते. ‘मला राग आला’, ‘मला भीती वाटते’, ‘मला वाईट वाटले’ अशी आपली वाक्यरचना आहे. भावना आपल्याकडे येते, आपल्यापाशी ती वाटते. दुसऱ्याने ती केली असे व्याकरण म्हणत नाही. रोझेनबर्गही हेच सांगतो, की दुसऱ्याचे वागणे निमित्त असते, भावनेचे मूळ आपल्या गरजेत असते. अर्थात ‘मला राग आणू नकोस’ हेही मराठीच आहे आणि घरात तेच जास्त ऐकू येते!

खरी अडचण आहे ती तिसऱ्या टप्प्याची. गरज.

‘गरजवंताला अक्कल नसते’, ‘गरज सरो, वैद्य मरो’. आपल्या म्हणींतून गरजेला मान नाही. गरज असणे म्हणजे दुसऱ्याच्या दारी उभे राहणे. तेव्हा ज्या माणसाने आयुष्यभर कोणापुढे हात पसरला नाही, तो माणूस वयाच्या पन्नाशीत स्वतःच्या मुलीसमोर ‘मला अमुक हवे आहे’ असे वाक्य कसे बोलेल? तो बोलत नाही. तो विचारतो, ‘कुठे होतीस इतका वेळ?’ तो हुकूम करतो, ‘उद्यापासून बंद.’ आई असेल तर म्हणते, ‘आमचं काय, आमचं झालं आता.’ या शेवटच्या वाक्यात तर बोलणाऱ्याने स्वतःला पुसूनच टाकलेले असते, आणि तरी मागणे असते ते त्यातच. रोझेनबर्गच्या मते टीका, दोषारोप, टोमणा या साऱ्या न भागलेल्या गरजेच्याच वाकड्या अभिव्यक्ती आहेत. आपल्या घरांत तर त्या बहुधा एकमेव अभिव्यक्ती आहेत.

गरज आणि गरज भागविण्याचा मार्ग यांत फरक केला पाहिजे. चिलीचा अर्थशास्त्रज्ञ मॅनफ्रेड मॅक्स-नीफ याने माणसाच्या मूलभूत गरजा नऊच मानल्या: निर्वाह, संरक्षण, प्रेम, समज, सहभाग, निवांतपणा, निर्मिती, स्वत्व आणि स्वातंत्र्य. त्या सर्वत्र सारख्या. बदलतात ते भागविण्याचे मार्ग. ‘मुलीने कॉलेज सोडावे’ ही गरज नव्हे, मार्ग आहे. बापलेकीचे भांडण मार्गावरून होते. गरजेपर्यंत कोणी पोचतच नाही.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेते. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला आहेत. या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसविला, आणि तेव्हापासून गावाला धोट्याच्या आवाजाची सवय झाली. आई कांड्या भरते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. परीक्षेच्या सुमारास एका संध्याकाळी पाळी संपवून आल्यावर आप्पा म्हणाले, ‘‘आता बास झालं. पुढच्या वर्षी बाहेरनं परीक्षा दे. लई शाणी झालीस.’’

असे वाक्य कानी पडले की ते घेण्याच्या चार तऱ्हा रोझेनबर्ग सांगतो. पहिली, दोष स्वतःकडे घेणे: खरेच, मी घराला भार झाले. दुसरी, दोष समोरच्यावर टाकणे: यांना शिक्षणाची किंमतच नाही. (आम्हा पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना ही दुसरी तऱ्हा फार जवळची, वर्गात टाळ्याही तिलाच पडतात.) तिसरी, स्वतःच्या मनात डोकावणे: मला धास्ती वाटते, कारण मला शिकायचे आहे. चौथी, समोरच्याच्या मनात डोकावणे: यांना काय वाटत असेल, आणि कशाची गरज असेल? चौथी तऱ्हा श्रेष्ठ आणि बाकीच्या टाकाऊ, असे नाही. तिसरी जागेवर असल्याशिवाय चौथी जमत नाही. जिच्या पायाखालची जमीन हलते आहे तिला दुसऱ्याचा तोल सांभाळता येत नाही.

मी चौथ्या तऱ्हेने जायचे ठरविले. येथे पहिला धडा भाषेचा मिळाला. पुस्तकातले वाक्य आहे तसे मराठीत आणले तर ते असे होईल: ‘आप्पा, आपल्याला सुरक्षिततेची गरज असल्यामुळे चिंता वाटते आहे काय?’ असे वाक्य आमच्या उंबऱ्याच्या आत कोणी उच्चारले तर आप्पा आईला हाक मारून मुलीला ताप आहे का बघायला सांगतील. नमुन्याचे वाक्य पाठ करून उपयोग नाही. अंदाज बांधायचा, तो घरच्या भाषेत विचारायचा आणि चुकला तर सोडून द्यायचा, एवढेच खरे.

मी विचारले, ‘‘आप्पा, पैशाची वडाताण हुतीया म्हणून म्हणताय का?’’

‘‘पैशाचं मी बगतो. तुला कुणी मागितलं?’’

अंदाज चुकला. पण चुकलेल्या अंदाजानेही काम होते, हे या पद्धतीतले मला सर्वांत पटलेले तत्त्व आहे. आपण विचारतो आहोत, वाद घालीत नाही, एवढे समोरच्याला कळते. मग मी विचारले, ‘‘मग माग कमी हुत्यात त्याचा घोर लागलाय?’’ साधे माग भंगारात जाऊन त्या जागी रॅपियर माग येताना आमच्या गल्लीने पाहिले आहेत. आप्पा त्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर जे बोलले ते दोन्ही अंदाजांच्या पलीकडचे होते. ‘‘कारखान्यात इचारत्यात, पोरगी काय शिकतीया. मला सांगता येत न्हाई. आणि तू सांगतीस ते ऐकू येत न्हाई. कॉलेजातल्यावानी हळू बोलतीस.’’

हे वाक्य मी शब्दशः घ्यायला हवे होते, तसे घेतले. आठ तासांच्या कामाला ८५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज कानाला घातक, असे आरोग्यशास्त्र मानते. धोट्याच्या मागांची शेड बहुधा या मर्यादेच्या वरच असते. वर्षानुवर्षे त्या शेडमध्ये उभ्या राहिलेल्या माणसाचे कान आधी बारीक, उंच आवाज सोडून देतात. आकारान्त स्वर ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी व्यंजने निसटतात. म्हणजे आवाज येतो, शब्द येत नाही. ‘समाजशास्त्र’ हा माझ्या विषयाचा शब्द तर अशा व्यंजनांनीच भरलेला! आप्पांना हवी होती ती मॅक्स-नीफच्या यादीतली समज आणि सहभाग: मुलीच्या शिक्षणात आपल्यालाही कोठेतरी जागा असावी, चारचौघांत त्याबद्दल एक वाक्य बोलता यावे. कॉलेज बंद करणे हा त्या गरजेचा मार्ग म्हणून किती आडवळणाचा! पण जे आपल्याला ऐकूच येत नाही ते बंद झालेले बरे, असे कोणालाही वाटू शकेल.

यानंतर मी उपाय सांगायला धावले नाही, याचे श्रेय पुस्तकाला दिले पाहिजे. समानुभूतीच्या आड येणाऱ्या गोष्टींची एक यादीच त्यात आहे. सल्ला देणे, समजूत घालणे, स्वतःची गोष्ट सांगणे, चूक दुरुस्त करणे, उलटतपासणी घेणे, विषय बंद करणे. यादी वाचताना वाटले, यांतले काहीच करायचे नाही तर आपल्याकडे लोक आजाऱ्याला भेटायला जाऊन करतील तरी काय? गंमत सोडली तर मुद्दा असा, की सहानुभूती आणि समानुभूती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ‘अरेरे, किती सोसलंत तुम्ही’ म्हणताना लक्ष आपल्या हळहळीकडे असते. समानुभूतीत लक्ष समोरच्याकडेच राहते, आणि पुष्कळदा तिला शब्द लागतच नाहीत. त्या संध्याकाळी मी एवढेच म्हटले, ‘‘म्हंजे मी काय शिकतीया ते तुमास्नी कळाय पायजे.’’ मोठ्याने म्हटले, शेडमध्ये बोलतात तितक्या मोठ्याने, आणि त्यांच्या समोर बसून, म्हणजे त्यांना ओठ दिसतील. आप्पा ‘व्हय’ म्हणाले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. इतका वेळ आमच्यातला निरोप्याचा धंदा तिच्याकडे असे, आणि तिला काही निरोपच आला नव्हता.

येथे एक आक्षेप उपस्थित होईल आणि तो योग्य आहे. मुलींना ऐकण्याचे शिक्षण आणखी कशाला? त्या जन्मापासून तेच करीत आल्या आहेत. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याने ऐकायला शिकावे. जिचा निर्णय व्हायचा आहे तिने का? मला या आक्षेपाचे पूर्ण उत्तर देता येत नाही, आणि रोझेनबर्गनेही ते समाधानकारक दिले आहे असे मला वाटत नाही. जेथे मारहाण आहे, जेथे दार बाहेरून बंद केले जाते, तेथे आधी दार उघडले पाहिजे. वडिलांची गरज नंतर. पण आमच्यासारख्या घरांत, जेथे दोन्ही बाजूंना माया आहे आणि भाषा मात्र नाही, तेथे लेखाच्या आरंभी सांगितलेली फारकत उपयोगी पडते. मी आप्पांचे ऐकले, पहिल्या अर्थाने. दुसऱ्या अर्थाने अजून ऐकलेले नाही.

कारण चौथा टप्पा विनंतीचा आहे, आणि तो ऐकणाऱ्यालाही लागू आहे. विनंती आणि मागणी यांतला फरक रोझेनबर्ग असा करतो: ‘नाही’ म्हटल्यावर जर शिक्षा होणार असेल, रुसवा येणार असेल, तर ती विनंती नव्हतीच. आप्पांची विनंती अशी ठरली की सुट्टीच्या दिवशी त्या आठवड्यात काय शिकले ते मी त्यांना सांगावे. ती मी मान्य केली. पहिल्या खेपेला समाजशास्त्रातील श्रमविभागणी घेतली, कारण ती मागाच्या शेडमध्ये सगळीच सापडते: वहिफणीवाला, कांडीवाली, जॉबर, खर्चीवाला. आप्पांनी माझ्या दोन चुका काढल्या. जॉबर काय करतो ते मला नीट ठाऊक नव्हते.

मग मी माझी विनंती सांगितली: तिसरे वर्षही मला वर्गात बसून शिकायचे आहे, तुम्ही त्याला हो म्हणाल का? आप्पा म्हणाले, ‘‘बगू.’’ हो आणि नाही यांच्यामधल्या या उत्तराला रोझेनबर्गच्या पुस्तकात जागा ठेवलेली नाही. तिसऱ्या वर्षाचे प्रवेश जूनमध्ये सुरू होतील. तोपर्यंत सुट्टीचे पाच-सहा दिवस येतील, आणि पुढच्या खेपेला काय सांगायचे ते आप्पांनीच ठरविले आहे: कामगार संघटना.