‘लर्न’ या इंग्रजी शब्दाच्या अर्थच्छटा
(सीमाभागातील विद्यार्थी व शिक्षकांसाठी)

बेळगाव-निपाणी परिसरातील मराठी विद्यार्थ्याच्या कानी लहानपणापासूनच तीन भाषा पडत असतात. घरात मराठी, बाजारात व कचेरीत कन्नड आणि पाठ्यपुस्तकांत व अर्जांच्या नमुन्यांत इंग्रजी, असा हा त्रिवेणी व्यवहार आहे. अशा विद्यार्थ्याला ‘लर्न’ हा इंग्रजी शब्द प्रारंभीच्या इयत्तांतच भेटतो आणि ‘लर्न म्हणजे शिकणे’ एवढे सांगून धडा पुढे सरकतो. हा अर्थ चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे. या अपुरेपणामुळे विद्यार्थ्याचे केवळ गुणच जातात असे नव्हे, तर शिकणे म्हणजे काय याविषयीची त्याची कल्पनाही संकुचित होते.

‘लर्न’ या क्रियापदाचे व्यवहारात मुख्यतः चार अर्थ संभवतात. पहिला अर्थ विद्या अथवा कौशल्य आत्मसात करणे हा होय. पोहणे, शिवणकाम, हिशेब या सर्वांस तो लागू पडतो. दुसरा अर्थ पाठ करणे. ‘लर्न बाय हार्ट’ या प्रयोगाचे शब्दशः भाषांतर केल्यास हसे होते. मराठीत त्यास ‘मुखोद्गत करणे’ हा नेमका शब्द आहे. तिसरा अर्थ कळणे. एखादी वार्ता समजली असे सांगतानाही इंग्रजीत हेच क्रियापद येते; तेथे ‘वार्ता शिकलो’ असे लिहिणे विपरीत ठरेल. चौथा अर्थ अनुभवाने शहाणे होणे. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण याच अर्थाची आहे.

या शब्दाचे कुटुंबही ध्यानात घ्यावे. न्यायालयात वकिलास उद्देशून येणारे ‘लर्नेड’ हे विशेषण दोन अवयवांत उच्चारले जाते व त्याचा अर्थ ‘विद्वान’ असा आहे. वाहन चालविण्याचा ‘लर्नर’ परवाना म्हणजे शिकाऊ परवाना. कारखान्यातील ‘अप्रेंटिस’ हा शब्द मात्र शिकणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून आला आहे. १९६१ च्या कायद्याने ज्यांच्या प्रशिक्षणाचे नियमन होते, त्या अप्रेंटिसांना मराठीत ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणतात. ‘उमेद’ म्हणजे आशा. जो आशेने काम शिकतो तो उमेदवार.

व्युत्पत्तीकडे वळल्यास अधिक उद्बोधक गोष्टी आढळतात. ‘लर्न’ शब्दाचे मूळ ‘माग’ किंवा ‘चाकोरी’ या अर्थाच्या प्राचीन धातूशी जोडले जाते. म्हणजे शिकणे हे माग काढीत जाणे होय. ‘स्टडी’ या शब्दामागील लॅटिन शब्दाचा अर्थ उत्साह, आस्था असा आहे. मराठी ‘शिकणे’ हे संस्कृत ‘शिक्ष्’ पासून आले असून, ‘शिक्ष्’ हे ‘शक्’ या धातूचे इच्छार्थक रूप आहे. समर्थ होण्याची इच्छा हा त्याचा मूळ आशय. ‘अध्ययन’ यात जाणे आहे, ‘अभ्यास’ यात पुनःपुन्हा करणे आहे, ‘पठण’ यात उच्चारणे आहे, तर ‘व्यासंग’ यात जडून राहणे आहे. म्हणूनच हे शब्द समानार्थी असले तरी एकमेकांच्या जागी सरसकट चालत नाहीत. परीक्षेपुरता अभ्यास होऊ शकतो. परीक्षेपुरता व्यासंग होऊ शकत नाही. केवळ पठण करून ज्याच्या आचरणात काही उतरत नाही, त्याला समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’त ‘पढतमूर्ख’ म्हटले आहे.

सीमाभागात या तुलनेला कन्नडची जोड मिळते. कन्नडमध्ये ‘कलि’ म्हणजे शीक आणि ‘कलिसु’ म्हणजे शिकव. मराठीतील ‘शिकणे-शिकविणे’ या जोडीप्रमाणेच येथेही एकाच धातूपासून दोन्ही क्रिया सिद्ध होतात. प्रमाण इंग्रजीत त्यांसाठी दोन स्वतंत्र शब्द योजावे लागतात. कन्नड ‘ओदु’ म्हणजे वाचणे आणि शिक्षण घेणेही. ‘अभ्यास’ हा शब्द कन्नडमध्ये ‘सवय’ या अर्थानेही चालतो, हे ठाऊक नसल्यास संभाषणात घोटाळा होतो. ‘शिक्षा’ शब्दाचे तर विचारू नये! मराठी ‘शिक्षा’ व कन्नड ‘शिक्षे’ यांचा अर्थ दंड असा, तर हिंदी फलकावर तोच शब्द शिक्षणाचा वाचक असतो.

शब्दांची ही बारकाई केवळ वर्गापुरती नाही. राज्यपुनर्रचनेच्या वेळी, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने, संविधानात ३५० क हा अनुच्छेद समाविष्ट झाला. भाषिक अल्पसंख्याक वर्गांतील मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी उपलब्ध करून देण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे तो सांगतो. त्याच्या इंग्रजी पाठात ‘इन्स्ट्रक्शन’ व ‘एज्युकेशन’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्याचा रोख अध्यापनावर, तर दुसऱ्याचा एकंदर शिक्षणावर आहे. कर्नाटकाच्या २०१५ च्या कन्नडविषयक अधिनियमाच्या नावात ‘लर्निंग’ हा तिसरा शब्द येतो. मराठीत तिन्ही ठिकाणी ‘शिक्षण’ हाच शब्द ओठी येतो. आपल्या मुलाचा हक्क शिकविले जाण्याचा आहे, शाळेत जाण्याचा आहे की विषय समजण्याचा आहे, हे पाहू इच्छिणाऱ्या पालकाला हा भेद उमगणे अगत्याचे आहे.

शिक्षकांनी ‘लर्न’ शब्द शिकविताना फळ्यावर एका अर्थाऐवजी चार वाक्ये लिहावीत, प्रत्येकासमोर योग्य मराठी क्रियापद मुलांकडूनच काढून घ्यावे आणि शेजारी कन्नड पर्याय मांडावा. तीन भाषा कानी पडणे हे या मुलांवरील ओझे मानले जाते. अशा रीतीने धडा घेतल्यास एका भाषेतील शब्द दुसरीतील शब्दाचा अर्थ उकलून दाखवितो, आणि पाठांतरावर विसंबण्याचे विद्यार्थ्याला कारण उरत नाही.