शतावरी चूर्णाचे सूक्ष्मचित्र आणि फिल्टरांचा क्रम

शतावरीचे मूळ अखंड असता ओळखणे कठीण नाही. वस्त्रगाळ चूर्णात मात्र सूक्ष्मदर्शकाचाच आधार घ्यावा लागतो. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात या चूर्णाच्या वर्णनात कॅल्शियम ऑक्झलेटचे सूच्याकार स्फटिक व अश्मकोशिका यांचा उल्लेख आहे. यवतमाळ परिसरातील एका औषधालय-चालकाने तपासणीस दिलेल्या चूर्णाच्या संगणकीय चित्रात आम्हांस एकही सूची दिसेना. माल परत करण्याचा सल्ला आम्ही देणारच होतो. तत्पूर्वी काचपट्टी पुन्हा थेट डोळ्यांनी पाहिली, तो सूच्या जागच्या जागी! त्या पुसल्या होत्या आमच्याच फिल्टरने.

चित्रातील ठिपके घालविण्यास आम्ही मीडियन फिल्टर वापरला होता. हा फिल्टर प्रत्येक पिक्सेलभोवतीच्या चौकटीतील मूल्ये चढत्या क्रमाने लावून मधले मूल्य तेथे ठेवतो. 5×5 च्या चौकटीत 25 पिक्सेल असतात. 2 पिक्सेल जाडीच्या उभ्या सूचीच्या वाट्यास त्यांतील 10 येतात. मधले, म्हणजे तेरावे मूल्य पार्श्वभूमीचे ठरते व सूची नाहीशी होते. 3×3 च्या चौकटीत तिला 9 पैकी 6 पिक्सेल मिळतात, म्हणून ती टिकते. एका पिक्सेलचा ठिपका मात्र जातो.

दुसरा दोष क्रमाचा. रेषा ठळक करणारा शार्पन फिल्टर आधी लावल्यास धूळ व ठिपकेही ठळक होतात, त्यांभोवती कडे उमटते आणि मागाहून लावलेल्या मीडियनला ते आवरत नाहीत. स्नेहन-स्वेदनापूर्वी शोधन देऊ नये, हे वैद्यवर्गास सांगणे नकोच. गॉशियनसारखे दोन रेषीय फिल्टर, चित्राच्या कडा सोडल्यास, मागेपुढे केले तरी चालतात. मीडियनला ही मुभा नाही.

आम्ही आता प्रथम रिकाम्या काचपट्टीचे चित्र घेऊन त्याआधारे विषम प्रकाश दुरुस्त करतो, मग 3×3 मीडियन, त्यानंतर सौम्य शार्पन. काळे-पांढरे विभाजन मोजणीपुरते व सर्वांत शेवटी, कारण त्यानंतर मधल्या छटा परत मिळत नाहीत. इमेजजे या विनामूल्य प्रणालीत हे सर्व होते. मूळ चित्र टिफ स्वरूपात अस्पर्श ठेवावे. जेपेगच्या दाबणीत सूक्ष्म रेषा बिघडतात.

सूचीबद्दल शंका उरल्यास काचपट्टीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडावा. कॅल्शियम ऑक्झलेट फसफसल्याविना विरघळते. औषधालयास अहवाल देताना फिल्टरांची नावे, चौकटीचे माप व क्रम त्यावर अवश्य लिहावा.