कोडावरचा रंग आणि सावकाश हात

मानखुर्द स्टेशनबाहेर भाजी विकणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांचे दोन्ही हात पदराखाली होते. पहाटेच्या गाडीने खाडी ओलांडून वाशीच्या घाऊक बाजारातून माल आणायचा आणि दुपारपर्यंत विकायचा, हा त्यांचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. दोन वर्षांपासून बोटांच्या टोकांवर आणि हातांच्या पाठीवर दुधासारखे पांढरे डाग आले होते. ‘‘डॉक्टरबाई, दुखत नाही, खाजत नाही. पण गिऱ्हाईक मेथीची जुडी उचलतं, माझ्या हाताकडं बघतं आणि परत ठेवतं,’’ त्या म्हणाल्या.

कापसाच्या बोळ्याने मी डागांवर स्पर्श तपासला. तो अगदी नीट कळत होता. निदान सरळ होते : पांढरे कोड. उपचार सुरू केले, पण बोटांच्या टोकांचे कोड औषधाला सहसा लवकर दाद देत नाही. तोपर्यंत धंदा कसा चालायचा? म्हणून डागांना तात्पुरता तपकिरी रंग देणारे एक लोशन लिहून दिले. बाहेर गर्दी होती. ‘‘रोज रात्री हाताला लावा,’’ एवढेच सांगून मी पुढच्या रुग्णाकडे वळले.

आठ दिवसांनी त्या परत आल्या, हात अजूनही पदराखालीच. बोटांचे सांधे काळपट, डाग कुठे नारिंगी तर कुठे पांढरेच, प्रत्येक डागाभोवती गडद किनार आणि दोन्ही तळवे पिवळेजर्द. ‘‘आधी नुसतं बघायचे, आता विचारतात हाताला झालंय काय,’’ त्या म्हणाल्या. लोशन चांगले होते, बाईंनी ते नेमाने लावलेही होते. चूक माझी होती. हे लोशन कसे लावायचे, हेच मी सांगितले नव्हते. त्या दिवशी न सांगितलेले आज येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी निदान, मग रंग

आपल्या कातडीचा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्यामुळे असतो. ते तयार करणाऱ्या पेशी एखाद्या जागी नष्ट झाल्या, की तेथे कोडाचा पांढरा डाग उमटतो. शरीराची संरक्षणयंत्रणाच चुकून या पेशींवर हल्ला करते, हे आज स्पष्ट झाले आहे. जगात साधारण शंभरात एकाला कोड असते. ते स्पर्शाने, उष्ट्याने किंवा कपड्यांतून पसरत नाही. मासे खाऊन वर दूध प्यायल्याने ते होते, या समजुतीलाही आधार नाही.

कोड म्हणजे महारोगही नव्हे. महारोगाचा चट्टा बहुधा फिकट किंवा तांबूस असतो, दुधासारखा पांढरा नसतो, आणि बऱ्याचदा तेथील स्पर्श मंदावतो. कोडात स्पर्श शाबूत असतो. म्हणूनच कोणताही डाग तपासून घेण्याआधी झाकू नये. बधिर चट्टा रंगाखाली दडला, तर सहज बरा होणारा आजार वाढत राहील. फक्त टिकलीखाली किंवा रबरी चपलेच्या पट्ट्याखाली डाग आला असेल, तर गोंदातील वा रबरातील रसायन कारणीभूत असू शकते. तेथे ती वस्तू वापरणे थांबवणे हा पहिला उपचार. कोडाच्या काही रुग्णांना थायरॉइडचाही विकार असतो. त्यामुळे रक्ताची ती तपासणी करून घ्यावी. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत त्वचारोगाचा सल्ला मिळतो.

हा रंग येतो कोठून?

या लोशनमध्ये डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन नावाचा साखरेच्या कुळातील पदार्थ असतो. तो स्वतः रंगहीन असतो. १९५० च्या दशकात अमेरिकेतील सिनसिनाटी येथे इव्हा विटगेनस्टाइन या संशोधिका एका दुर्मिळ आजाराच्या मुलांना तो औषध म्हणून पाजत होत्या. औषध तोंडातून बाहेर सांडले, की काही तासांनी तेथील कातडी तपकिरी होई, कपडे मात्र होत नसत. यावरील त्यांचा निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला. पुढे गोऱ्या लोकांनी उन्हात न बसता अंग सावळे करण्यासाठी याच पदार्थाची लोशने वापरली. आपल्याकडे गोरेपणाची क्रीमे खपतात आणि तिकडे सावळेपणाची! पण कोडाच्या रुग्णाच्या दृष्टीने हा पदार्थ फार उपयोगाचा आहे.

कातडीच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशी असतात. त्यांतील प्रथिनांच्या घटकांशी या पदार्थाचा संयोग होऊन तपकिरी रंग तयार होतो. तव्यावरच्या भाकरीला तांबूस डाग पडतात, पावाचा वरचा भाग खरपूस होतो, त्याच जातीची ही क्रिया. १९१२ साली तिचे वर्णन करणाऱ्या मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. रंग दोन ते चार तासांत दिसू लागतो आणि दिवसभरात पुरता चढतो. तो घामाने किंवा पाण्याने धुऊन जात नाही. वरचा थर गळून पडतो तसा साधारण पाच ते सात दिवसांत उतरतो. सतत पाण्यात असणाऱ्या हातांवरून तो आणखी लवकर जातो.

बाईंच्या हातांचे जे झाले, त्याचे उत्तर यातच आहे. मृत पेशींचा थर जेथे जाड, तेथे रंग गडद. म्हणून सांधे काळपट झाले आणि तळवे पिवळे पडले. डागाभोवतीची चांगली कातडीही हा रंग घेते. म्हणून किनार उमटली. आणि रोज सरसकट हात फिरवल्यामुळे कुठे चार थर बसले, कुठे एकही नाही.

लावण्याची रीत

दुसऱ्या खेपेला आम्ही दोघी दिव्याखाली समोरासमोर बसलो आणि एकेक पायरी हाताने करून पाहिली. ती अशी :

पहिली पायरी, चाचणी. एका लहानशा डागावर थेंबभर लोशन लावून चोवीस तास थांबावे. खाज, लाली किंवा पुरळ आले नाही, तरच पुढे जावे. रंगाची छटाही यात कळते.

दुसरी पायरी, स्वच्छता. हात साबणाने धुऊन साबणाचा अंश राहणार नाही इतके पाणी घ्यावे व मऊ सुती फडक्याने टिपून घ्यावे. तेल किंवा क्रीम डागावर असू नये, नाही तर तेवढी जागा कोरी राहते. मृत कातडी काढण्यासाठी आधी अंग खसाखसा घासा, असे या लोशनांच्या सूचनांत लिहिलेले असते. कोडाच्या रुग्णाने ते मुळीच करू नये. कातडी खरचटली किंवा सतत घासली गेली, की त्याच जागी नवे कोड उठू शकते. ओले फडके हलकेच फिरवणे पुरे. वज्री, काथ्या, नायलॉनची घासणी दूर ठेवावी.

तिसरी पायरी, कुंपण. व्हॅसलिनसारखे मलम बोटाच्या टोकावर अगदी थोडे घेऊन डागाच्या बाहेरच्या चांगल्या कातडीवर बारीक रेघ ओढावी. तेथे मग रंग चढत नाही. सांध्यांच्या सुरकुत्यांवर आणि नखांच्या कडांवरही मलमाचा पुसट हात द्यावा. ते डागावर ओघळू देऊ नये.

चौथी पायरी, लोशन. लहान डागांसाठी कान साफ करायची कापसाची काडी घ्यावी. ती लोशनमध्ये बुडवून बाटलीच्या काठावर निथळावी. डागाच्या मध्यापासून सुरुवात करून कडेकडे जावे आणि कडेच्या केसभर अलीकडे थांबावे. काडीवर उरलेल्या ओलाव्यानेच शेवटची कड पुसट करावी. पोटरी, पाठ असे मोठे डाग असतील, तर पातळ रबरी हातमोजा घालून दोन बोटांवर वाटाण्याएवढे लोशन घ्यावे आणि लहान गोल फिरवत पसरावे. एक भाग संपला, की त्याला लागूनच दुसरा भाग घ्यावा. मध्येच सोडून भलतीकडे गेले, की जोड दिसतो. हातमोजा नसेल, तर काम होताच तळवे, बोटांच्या बेचक्या आणि नखे साबणाने धुवावीत. हातांचेच डाग रंगवायचे असतील, तर मात्र काडीच वापरावी, म्हणजे धुण्याचा प्रश्नच येत नाही.

पाचवी पायरी, वाळवणे. पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटे स्वस्थ बसावे. ओल्या रंगावर घाम आला, की ओघळ उमटतात, आणि आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत ही काळजी अधिक घ्यावी लागते. लोशन वाळल्याशिवाय अंगावर चांगले कपडे घालू नयेत, पांघरूणही घेऊ नये. पुढचे पाच-सहा तास पाणी लागू देऊ नये.

या पाणी न लागण्यावरच बाईंचे घोडे अडले. पहाटे नळाला पाणी, सकाळभर भाजीवर शिंपडणे, रात्री भांडी. मग आम्ही ठरवले, भांडी उरकून, सर्वांची निजानीज झाल्यावर लावायचे. थोरल्या मुलीने उजव्या हाताला लावून द्यायचे, कारण डाव्या हाताने काडी नेमकी फिरत नाही.

एका रात्री एकच पातळ हात

सर्वांत महत्त्वाचे हे, की पहिल्याच रात्री रंग जुळवायला जाऊ नये. एका रात्री एकच पातळ हात द्यावा. सकाळी उजेडात पाहावे, लागलाच तर दुसऱ्या रात्री दुसरा द्यावा. तीन-चार रात्रींत आपल्या रंगाच्या जवळची छटा येते, मग तीन-चार दिवसांनी एक हात पुरतो. हातांच्या डागांना एक दिवसाआड लागू शकतो. सावळ्या वर्णावर रंग तंतोतंत जुळेलच असे नाही. डाग आणि आजूबाजूची कातडी यांतला ठळक फरक मोडला, म्हणजे काम झाले.

रंग जास्त झाला, तर घासू नये आणि लिंबूही चोळू नये. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले, तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात. खोबरेल तेल लावून मऊ फडक्याने टिपावे आणि चार दिवस थांबावे. चुकीचा रंगही आपोआप जातो, ही या उपायाची मोठी सोय आहे.

डोळ्यांच्या पापण्या, ओठ, जखम, भाजलेली वा चिघळलेली कातडी येथे हे लोशन लावू नये. ते केसांनाही रंगवते, म्हणून भुवयांपासून दूर ठेवावे. बाटली थंड जागी, घट्ट झाकण लावून ठेवावी, कारण उष्णतेने लोशन बिघडते. प्रकाशकिरणांचे उपचार चालू असतील, तर लोशन लावत असल्याचे डॉक्टरांना सांगावे.

दोन गैरसमज आणखी. हा रंग म्हणजे उन्हापासून संरक्षण नव्हे. रंगाखालचा डाग उन्हात पूर्वीइतकाच लवकर भाजतो, म्हणून लांब बाह्या, छत्री किंवा उन्हाचे क्रीम हवेच. आणि हा रंग म्हणजे उपचारही नव्हे. कोड थांबवण्याची आणि रंग परत आणण्याची औषधे, किरणोपचार, शस्त्रक्रिया आज उपलब्ध आहेत, त्या बाजूला ठेवून फक्त झाकत बसू नये. कुणाच्या सांगण्यावरून बावचीचे तेल लावून उन्हात बसणारे रुग्ण फोड घेऊन येतात. तसला प्रयोग घरी करू नये.

झाकावे की नाही?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मायकेल जॅक्सन १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात गायला, तेव्हा हा कातडी बदलून गोरा झाला, असेच पुष्कळांचे मत होते. वास्तविक आपल्याला कोड आहे आणि सौंदर्यप्रसाधनांनी आपण रंग एकसारखा करतो, हे त्याने १९९३ साली दूरचित्रवाणीवर सांगितले होते. २००९ साली त्याच्या मृत्यूनंतरच्या तपासणीतही कोडाची नोंद झाली. त्याचा स्मृतिदिन २५ जून हाच आज जागतिक कोड दिन म्हणून पाळला जातो. उलट, पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी स्वतःचे कोड न लपवता ‘श्वेता’ ही संस्था उभी केली आणि कोड असलेल्या अनेकांना चारचौघांत वावरण्याचा धीर दिला. कोड असलेल्या डॉक्टर मुलीची गोष्ट सांगणारा सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा चित्रपटही पुष्कळांना आठवत असेल.

दोन्ही वाटा योग्य आहेत. कोणती धरायची हे ज्याच्या अंगावर डाग आहे त्याने ठरवावे, सासूने, शेजाऱ्याने किंवा डॉक्टरने नव्हे. मात्र लग्न ठरवताना डाग रंगाखाली लपवून ठेवू नये, असे मी मुलामुलींच्या आईवडिलांना आवर्जून सांगते. पाच दिवसांत उतरणाऱ्या रंगावर संसार उभा करण्यात मुलीचे किंवा मुलाचेच नुकसान असते.

बाईंनी आपल्यापुरते ठरवले आहे. हातांचे डाग त्या रंगवतात, पायांवरचे तसेच ठेवतात. गावी गेल्या, की बाटली घरीच राहते. ‘‘तिकडं सगळ्यांना ठाऊक आहे, तिकडं कुणाला दाखवायचं?’’ असे त्या म्हणतात. बोटांच्या टोकांवर अजून रंग नीट बसत नाही आणि औषधेही चालू आहेत. धंदा मात्र पूर्वीसारखा चालतो.

मला त्यांच्या गिऱ्हाइकांना एक सांगायचे आहे. त्या जुडीला कोडाचे काहीही लागत नव्हते. तुमच्या गावच्या बाजारात असा हात पुढे आला, तर भाजी घ्या आणि पैसे त्याच हातात द्या.