बाबांचा आवाज जपायचा आहे

प्रश्न : वडिलांना जाऊन दोन महिने झाले. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांनी पाठवलेले व्हॉइस मेसेज मी रोज ऐकते. त्यांचं सिम बंद झालं तर ते पुसले जातील का? घरचे म्हणतात, आता ऐकणं सोड.
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, घाबरू नका. हे मेसेज सिममध्ये नसतात, तुमच्या मोबाइलमध्ये असतात. बाबांचं सिम बंद झालं तरी ते राहतील. धोका आहे तो फोन हरवण्याचा किंवा बिघडण्याचा. म्हणून ‘एक्सपोर्ट चॅट’मधून मीडियासह प्रत काढा; एक पेनड्राइव्हवर, एक भावंडांकडे ठेवा.

नंबरही हवा असेल तर मृत्यूचा दाखला घेऊन मोबाइल कंपनीच्या दुकानात चौकशी करा आणि तो आपल्या नावावर करून घ्या. बराच काळ न वापरलेला नंबर बंद होऊन दुसऱ्याला मिळू शकतो. बाबांच्या नंबरला बँक खातं जोडलेलं असेल तर आधी बँकेला कळवा. त्यांच्या यूपीआयवरून पैसे मात्र काढू नका.

आवाज ऐकणं हा आजार नाही. पण झोप, जेवण, कामच सुटत असेल तर ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. एरवी निर्धास्त ऐका.